एक्क्याण्णव साल लिहिणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

तुझा मजकूर परवा मिळाला. ‘भारत : १९९१’ या आढाव्यासाठी काढलेल्या एकेचाळीस तारखा दोनदा वाचल्या. बहुतेक बरोबर आहेत. दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. वाचून झाल्यावर तुझ्या काकूला सहज विचारलं, एक्क्याण्णव म्हटलं की तुला काय आठवतं? ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “गॅस महागला होता, आणि तुम्ही रात्री जेवायला कधी घरी नसायचात.”

तुझ्या एकेचाळीस तारखांत गॅस नाही.

हसू नकोस, मी गंमत करत नाही. त्या वर्षी मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, डेस्कवर तीन वर्षं झालेला. म्हणजे शिकाऊ नाही, पण रात्रपाळी मात्र कायम माझ्याच गळ्यात. वर्षाअखेरीच्या पुरवणीतला ‘सरत्या वर्षातील घडामोडी’ हा मजकूर मीच केला होता. तुझं पत्र आल्यावर ते कात्रण शोधून काढलं. तू केलेल्या चुका मी आधीच करून ठेवल्या आहेत, शिवाय तुझ्या यादीत नसलेल्या दोन-चार आणखी.

मार्चपासून सुरू करू. तू लिहिलंस, “६ मार्च : हरियाणा पोलिसांच्या पाळतीवरून चंद्रशेखर यांचा राजीनामा.” चूक नाही. पण एवढंच वाचणाऱ्याला वाटेल की राजीव गांधींच्या घरासमोर दोन शिपाई सापडले आणि देशाचं सरकार गेलं. निमित्त आणि कारण असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, ते वापर. शिपाई हे निमित्त. कारण हवं असेल तर नोव्हेंबर १९९० पर्यंत मागे जा. जनता दलातून फुटून निघालेल्या साठेक खासदारांचं ते सरकार, आणि त्याला बाहेरून टेकू देणारी काँग्रेस त्याच्या तिप्पट मोठी. जानेवारीत आखातात युद्ध पेटलं, अमेरिकी विमानांना इथे इंधन भरू दिल्यावरून कुरबुरी वाढल्या. आणि अर्थमंत्री यशवंत सिन्हांना पूर्ण अर्थसंकल्प मांडताच आला नाही, लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरत्या मंजुरीवर, भागवावं लागलं.

हे लेखानुदान तुझ्या यादीत नाही. माझ्या मते मार्चमधली सर्वांत मोठी गोष्ट तीच. कुवेतवरच्या हल्ल्यानंतर तेलाचं बिल फुगलं होतं, आखातातून येणारा पैसा आटला होता, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते. अशा वेळी ज्या देशाला धड अर्थसंकल्प मांडता येत नाही, त्याला उसने कोण देणार? पुढे सोन्याचं जे झालं, त्याची सुरुवात इथे आहे.

सोन्यावर माझी पहिली खूण आहे. ‘जुलैत ६७ टन सोनं लंडनला गहाण’ असं तू लिहिलंस. तू दोन व्यवहार एकत्र मळलेस. मे महिन्यात सरकारकडे जप्तीतून आलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेलं, तेही परत विकत घेण्याच्या बोलीवर विकून. नंतर जुलैत रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातलं सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून साधारण ४० कोटी डॉलर उचलले. पहिला व्यवहार काळजीवाहू चंद्रशेखर सरकारच्या काळातला, दुसरा नरसिंह रावांच्या. आजही ज्याला जो सोयीचा, तो तेवढाच व्यवहार सांगतो. तू दोन्ही लिही, क्रमाने.

आणि ‘गहाण’ हा शब्द ठेव. परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आहे, या वाक्याचा अर्थ तेव्हा डेस्कवरही निम्म्या लोकांना उमगला नव्हता. पण देशाचं सोनं गहाण पडलं म्हटल्यावर आमच्याकडे चहा आणणारा पोरगा किटली खाली ठेवून थांबला आणि विचारता झाला, “सुटेल ना पण?” मंगळसूत्र सावकाराकडून सुटतं की नाही, हे त्याने घरी पाहिलं असणार.

दुसरी खूण रुपयाच्या अवमूल्यनावर. ते एका दिवसात झालं नाही. १ जुलैला एक पायरी आणि ३ जुलैला दुसरी. एकवीस रुपयांच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला.

आता २१ मे. श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा जीव घेणारा स्फोट झाला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आमची बाहेरगावची डाक आवृत्ती सुटली होती, शहर आवृत्तीचं पान जवळजवळ लागलं होतं. मजकुराचे ब्रोमाइड कागद कापून पानावर चिकटवायचे ते दिवस. टेलिप्रिंटरची घंटा वाजायला लागली. एरवी चार-पाच वेळा वाजून थांबायची, ती थांबेना. वृत्तसंपादक उठून गेले, कागद फाडून आणला, टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. काही बोलले नाहीत. चिकटवणाऱ्याने पहिल्या पानावरचा सगळा मजकूर नखाने उचकटून काढला, त्याचा तो आवाज मला अजून आठवतो.

तू या नोंदीपुढे लिहिलं आहेस, “या हत्येमुळे सहानुभूतीची लाट येऊन काँग्रेस सत्तेवर आली.” त्या रात्री खोलीत असलेल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. निवडणूक होईल की नाही, एवढाच प्रश्न होता. आदल्याच दिवशी, २० मेला, मतदानाचा पहिला टप्पा झाला होता. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी उरलेलं मतदान पुढे ढकललं, ते १२ आणि १५ जूनला झालं. पहिल्या टप्प्यातल्या जागांवर काँग्रेस कमी पडली आणि जूनमध्ये सावरली. नावाला ती एक निवडणूक, पण अर्ध्या देशाने एका मनःस्थितीत मत दिलं आणि उरलेल्याने दुसऱ्या. तरीही स्पष्ट बहुमत मिळालंच नाही. ‘लाट’ या एका शब्दात हे सगळं बुडून जातं. आणि पंजाब, काश्मीरमध्ये तर त्या वर्षी लोकसभेचं मतदानच झालं नाही, तेही नोंदव.

मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते हेच. वर्ष लिहिताना तुला डिसेंबर माहीत असतो, मे महिन्याला तो माहीत नसतो. नरसिंह रावांचंच बघ. रामटेकचे हे दोन वेळचे खासदार त्या निवडणुकीला उभेही राहिले नव्हते, दिल्लीतला बाडबिस्तरा आवरून हैदराबादला निघण्याच्या बेतात होते. २१ जूनला त्यांचा शपथविधी झाला तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. नोव्हेंबरात नंद्यालची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले. आमच्या डेस्कवर पैज लागली होती की हे सरकार दिवाळी पाहत नाही. मी दहा रुपये हरलो. हरलेली पैजही आढाव्याचा भाग असते, कारण तेव्हा लोक काय मानून चालले होते ते तिच्यातून कळतं.

२४ जुलै तू ठळक टायपात दिलास, ‘उदारीकरणाची पहाट’. पहाट कसली? दुपारी नवं औद्योगिक धोरण संसदेत मांडलं गेलं, अठरा उद्योग सोडून बाकीच्यांना परवान्याची गरज उरली नाही. अर्थसंकल्प तेव्हा संध्याकाळी पाचला असायचा, तो मनमोहन सिंगांनी मांडला. दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत काय होतं? गॅस, पेट्रोल आणि खत. परवाने गेल्याची बातमी आत, अर्थ पानावर. खतांच्या किमती ४० टक्के वाढवल्या होत्या. त्यावर एवढा गदारोळ झाला की ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान शेतकऱ्यांना वगळावं लागलं. माझ्या वर्षाअखेरीच्या मजकुरात ‘उदारीकरण’ हा शब्द एकदाही नाही, ‘महागाई’ सात वेळा आहे.

आम्ही आंधळे होतो असं समजू नकोस. महागाई खरीच होती, तुझ्या काकूला ती पस्तिसेक वर्षांनंतरही आठवते. परवाना जाणं कागदावर होतं आणि सिलिंडर स्वयंपाकघरात. तू दोन्ही मापं दे, त्या दिवसाचं आणि नंतरचं. सप्टेंबरचा प्रार्थनास्थळांचा कायदा तू शेवटच्या चौकटीत कोंबलास, त्याला बाहेर काढ. १५ ऑगस्ट १९४७ ला जे स्थळ ज्या धर्माचं होतं ते तसंच राहील, अयोध्येचा अपवाद करून, एवढंच तो म्हणतो. आज त्याच्या एकेका शब्दावर न्यायालयात खल चालतो.

बाकीचं भराभर सांगतो. जनगणना आणि केरळ एका परिच्छेदात घे: देशात निम्म्याहून जेमतेम अधिक लोक साक्षर, बायकांत तर चाळीस टक्केही नाहीत, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये केरळ संपूर्ण साक्षर जाहीर होतो. आंध्रातलं चुंडूरचं दलित हत्याकांड (६ ऑगस्ट) आणि भिलाईत कामगार नेते शंकर गुहा नियोगींचा खून (२८ सप्टेंबर) तुझ्या यादीत नाहीत, ते हवेतच. ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली, त्याला दोन ओळी पुरेत. भुजबळांनी शिवसेना सोडली ते राज्याच्या आढाव्यात, देशाच्या नाही. मराठी वाचक म्हणून मोह होईल, आवर. सोव्हिएत संघ विरघळला तो मात्र ‘परदेश’ म्हणून गाळू नकोस. आपली शस्त्रं आणि रुपया-रूबलचा सगळा व्यापार तिकडे अडकला होता.

आता माझी चूक. ३० जुलैला वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड वाहून नेलं. २०४ माणसं गेली. ऑक्टोबरात उत्तरकाशीच्या भूकंपात सातशेच्या वर गेली. पुरवणीत जागा कमी होती. मी आकड्यांवरून जागा ठरवली: भूकंपाला सहा ओळी, पुराला दोन. शिवाय दिल्लीतल्या घडामोडींपुढे जुलैत दुसऱ्या कशाला जागाच उरत नव्हती, हे माझं स्वतःला दिलेलं उत्तर.

आमच्याकडे एक मुद्रितशोधक होते, मोवाडजवळच्या नरखेडकडचे. अबोल माणूस. माझा मजकूर त्यांच्याकडे गेला आणि परत आला. दोन पानांत एकच दुरुस्ती होती. मी ‘मोवड’ लिहिलं होतं, त्यांनी लाल शाईने ‘व’ला काना दिला होता. समासात काही नाही, तोंडाने काही नाही. त्यांचं तिथे कोण होतं हे मी विचारलं नाही, आणि दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गेले.

तुझ्या यादीत मोवाड नाही. ग्रंथालयात जाऊन त्या वर्षाच्या अंकांचे बांधीव खंड मागव, नागपूरचे आणि मुंबईचे, दोन्हीकडचे. ३१ जुलै ते ५ ऑगस्ट. दोन शहरांनी एकच पूर किती कॉलमांत छापला ते पट्टीने मोज. पहिली पानं तुला आता पाठ झाली असतील, म्हणून आतल्या पानांपासून सुरुवात कर. बाजारभावाचा कोपरा जानेवारीचा आणि डिसेंबरचा उतरवून घे.

मग एकेचाळीसच्या पंधरा नोंदी कर आणि शनिवारपर्यंत पाठव. मोवाडचा काना मी तपासेन.

तुझा,
काका