वाचकांचे प्रश्न : बोटीच्या पेट्रोल इंजिनाचा कार्बोरेटर

प्रश्न : माझ्याकडे चार सिलिंडरच्या, आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाची जुनी लहान बोट आहे. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि हंगामात मांडव्यापर्यंत नेतो. यंदा पाण्यात उतरवल्यावर इंजिन सुरू झाले, पण गियरमध्ये टाकताच ते बंद पडू लागले आणि वेग वाढवताना गचके खाऊ लागले. एका मोटार मेकॅनिकने कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पाहिले; तेव्हापासून आयडलिंगही (मंद वेगात चालत राहणे) टिकत नाही. इंजिनकोठ्यात पेट्रोलचा वास येतो. मिक्श्चर (पेट्रोल-हवेचे मिश्रण) कसे लावावे? त्याच मापाचा मोटारीचा कार्बोरेटर बसवला तर चालेल का?
— एक वाचक, माझगाव

उत्तर : आपण वासाचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. वासाचे कारण सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती निघून जाते, बोटीत मात्र तळाच्या पोकळीत साठते आणि तिला एक ठिणगी पुरते. कोठ्याचे झाकण उघडून हवा खेळू द्यावी आणि इंजिन बंद असतानाच होज, त्यांचे क्लॅम्प, पेट्रोल पंप आणि कार्बोरेटरची गॅस्केट हाताने व कोरड्या फडक्याने तपासावी. पंपावरून कार्बोरेटरकडे जाणारी, एरवी रिकामी राहणारी वेगळी पारदर्शक नळी असेल आणि तिच्यात पेट्रोल दिसत असेल, तर पंपाचा पडदा फाटला आहे असे समजावे. गळती दूर झाल्यावरही प्रत्येक वेळी स्टार्टर मारण्यापूर्वी ब्लोअर (कोठ्यातली हवा बाहेर काढणारा पंखा) किमान 4 मिनिटे चालवावा आणि तळाशी नाक नेऊन वास घ्यावा. ब्लोअरवर विसंबून ही शेवटची खात्री टाळू नये.

आता मिक्श्चर. कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा, असे माझे ठाम मत आहे. प्लग, पॉइंटमधले अंतर, टायमिंग आणि कॉम्प्रेशन ठीक नसेल तर स्क्रू कितीही फिरवले तरी इंजिन सुधारत नाही, उलट मूळ दोष झाकला जातो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीत त्यानंतरचा संशय इंधनावर घ्यावा. आपल्याकडे आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा ओढून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. मुंबईच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत हे सहज घडते. म्हणून टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहावे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलावा आणि कार्बोरेटर उघडून वाटी (पेट्रोल साठते तो भाग), नीडल व जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) स्वच्छ करावेत. गियरमध्ये टाकताच बंद पडणे आणि वेग वाढवताना गचके खाणे ही दोन्ही लक्षणे पेट्रोल कमी पडत असल्याची आहेत. चिकटा बसलेला आयडल जेट आणि सुकलेला ॲक्सिलरेटर पंप (वेग वाढवताना जादा पेट्रोल देणारा) ही त्यांची नेहमीची कारणे आहेत.

आणखी एक कारण बाहेरून आत शिरणाऱ्या हवेचे असते. ते शोधण्यासाठी मोटार गॅरेजमध्ये चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारतात. बोटीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचे पाणी लावावे. आवाज किंवा फेरे बदलले तर तिथे गॅस्केट खराब आहे.

एवढे झाल्यावर आयडल मिक्श्चरच्या स्क्रूकडे वळावे. तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा, कारण जोर दिल्यास टोकावर चरा पडतो आणि मग तो कधीच नीट बसत नाही. नंतर दीड फेरा बाहेर काढावा. बोट पाण्यात असावी, कारण थंड करणारे पाणी मिळाले नाही तर पंपाचा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. इंजिन पूर्ण गरम होऊन चोक पूर्ण उघडलेला असावा, आणि फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरच्या तोंडावरची ज्वाला अडवणारी जाळी) धुऊन, वाळवून जागेवर बसवलेला असावा; तो काढून लावलेले मिक्श्चर नंतर जुळत नाही, आणि उलटी भडक आली तर आगीला अडवणारे दुसरे काही नसते. स्क्रू थ्रॉटलच्या पडद्याच्या इंजिनाकडील बाजूस असेल तर आत घेतल्याने मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) होते; हवेच्या बाजूस असेल तर उलट. इंजिनाचे फेरे सर्वाधिक होतील ती स्क्रूची जागा पाव-पाव फेऱ्याने शोधावी, मग आयडलचा वेग कमी करून पुन्हा तेच करावे.

बोटीचे खरे आयडलिंग मात्र गियरमधलेच असते. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीचा ओढ कमी असताना, बोट नाळेला (पुढच्या टोकाला) आणि मागे भक्कम दोरांनी बांधावी, आजूबाजूला पाण्यात कोणी नाही हे पाहावे आणि कमी वेगात गियर टाकून स्क्रू किंचित रिच (पेट्रोल जास्त) बाजूला लावावा. बहुतेक अशी इंजिने गियरमध्ये मिनिटाला 600 ते 700 फेऱ्यांना स्थिर राहतात; आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा.

वरच्या वेगाचे मिक्श्चर या स्क्रूने बदलत नाही, ते मुख्य जेटवर ठरते. बोटीचे इंजिन सतत घाट चढणाऱ्या मोटारीसारखे राबत असते, त्यामुळे तिथला लीनपणा व्हॉल्व्ह आणि पिस्टन जाळतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5 पट, म्हणजे जुन्या जेटवर आपले इंजिन आपोआप लीन चालते. मोकळ्या पाण्यात काही वेळ पूर्ण वेगाने चालवून इंजिन थेट बंद करावे आणि थंड झाल्यावर प्लग पाहावेत. ते फिकट तपकिरी हवेत; पांढरे असतील तर एक माप मोठा जेट लागेल, काळी काजळी असेल तर फ्लोटची पातळी आणि चोक तपासावा.

मोटारीचा कार्बोरेटर बसवू नये. बोटीच्या कार्बोरेटरमध्ये वाटीच्या हवेच्या नळ्या घशाकडे वळवलेल्या असतात, त्यामुळे ओसंडलेले पेट्रोल इंजिनात जाते. मोटारीच्या कार्बोरेटरमधून ते बाहेर, म्हणजे आपल्या कोठ्यात, सांडते. हेच मोटारीच्या स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरलाही लागू आहे, कारण त्यांच्या ठिणग्या बंदिस्त नसतात. जुना कार्बोरेटर झिजला असेल तर त्याच नमुन्याचे रिपेअर किट मागवावे, त्यातले रबर इथेनॉलला टिकणारे आहे का हे विचारून घ्यावे, आणि पुढच्या मे अखेरीस बोट ओढण्यापूर्वी वाटीतले पेट्रोल काढून ती कोरडी ठेवावी.