सोलापूरहून दोघांनी लांब फिरायला मोटरसायकल कोणती घ्यावी: हिमालयन 450, मीटिअर 350 की डॉमिनार 400?

तुमची उंची पाच फूट पाच, मागे वहिनी, आणि जाणं बहुतेक पुणे नाहीतर हैदराबाद, असं तुम्हीच लिहिलंय. मग माझं मत सरळ आहे: मीटिअर घ्या.

हिमालयन देखणी आहे, सस्पेंशनला तोड नाही (पुढे-मागे 200 मिमी), टाकीत 17 लिटर मावतं. पण सीट जमिनीपासून 825 मिमीवर. एकट्याला चालून जातं हो. दोघं बसून, मागे सामान बांधून सात रस्ता चौकात थांबलात आणि पाय टेकायच्या जागी नेमका खळगा निघाला, तर 196 किलोचं धूड सावरताना घाम फुटतो. वहिनींना तर आधी फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहून टांग टाकावी लागणार. साडीत ते विसराच. डॉमिनारची सीट 800, मीटिअरची 765.

मीटिअरचं एक दुखणं मात्र आहे. तिचे पेग थोडे पुढे, त्यामुळे भार माकडहाडावर येतो. समोर खड्डा दिसला तरी पेगवर जोर देऊन बूड उचलणं जड जातं, दणका थेट कमरेत. बाकी दोघींवर तो बराचसा गुडघ्यांत जिरतो. म्हणून तासाभराने उतरायचंच. मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण, तिकडे नळदुर्ग, उमरगा. चहाला तोटा नाही.

आपल्याकडच्या एप्रिल-मेचा विचारही करा. हिमालयन आणि डॉमिनार लिक्विड-कूल्ड, म्हणजे इंजिन द्रवाने थंड होतं आणि तो द्रव फॅनने. इंजिनला ते उत्तमच, पण गर्दीत फॅन सुरू झाला की गरम झळ नडग्यांवर. मीटिअरला फॅनच नाही. तापते तीही, पण अशी अंगावर येत नाही.

डॉमिनारला कंपनीकडूनच पुढे वारा अडवणारी उंच काच आणि मागे पाठीला टेका मिळतो. मीटिअरच्या वरच्या मॉडेललाही काच आणि टेका दोन्ही मिळतं. काचेचं गणित ज्याच्या त्याच्या उंचीवर असतं: काचेवरून आलेला वारा हेल्मेटच्या कपाळावर आदळत राहिला तर मान आखडते, डोकं उठतं. मित्राला आवडली म्हणून घेऊ नका. टेका मात्र डोळे झाकून घ्या, मागच्या माणसाला तोच तारतो.

क्रूझ कंट्रोलसाठी (अ‍ॅक्सिलरेटर न धरता वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर बघू का, असंही विचारलंय. उसाच्या ट्रॉल्या आणि उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्यांत ते किती वेळ चालू राहील तुम्हीच ठरवा. सीटही पुन्हा उंचच.

मीटिअर ऐंशी-नव्वदला मजेत पळते. शंभरच्या वर सतत पळायचं असेल तर मग डॉमिनार, तिथे इंजिनची 40 पीएस ताकद कामाला येते.

टेस्ट राइडला वहिनींना घेऊनच जा. निघण्याआधी मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोघांच्या वजनाला घट्ट करून मागा. शोरूमची गाडी बहुधा एकट्याच्या सेटिंगवर असते, आणि मग स्पीडब्रेकरवर मागचा माणूस उगाच उडतो.