वाचकांचे प्रश्न : गुहेची मोजणी

प्रश्न : आम्ही पाच मित्र फेब्रुवारीत मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत एका गुहा-मोहिमेत सामील होणार आहोत. सर्व्हेचं काम आमच्याकडे असेल. कामं कशी वाटून घ्यावीत? (पुणे)

पाचही जण एका तुकडीत जाऊ नका. मोजणीला तिघे पुरतात, चौथा असला तर सोय होते. पाचवा ओल्या कपड्यांत नुसता उभा राहून गारठतो आणि त्याच्यापायी सगळ्यांचीच घाई सुरू होते. तुमच्यातले तिघे एकत्र ठेवा, उरलेले दोघे मोहिमेतल्या अनुभवी माणसाबरोबर द्या.

पुढचा माणूस स्टेशन, म्हणजे मोजणीचा बिंदू, ठरवतो. तिथून मागचं स्टेशन आणि पुढची वाट दोन्ही दिसायला हवीत, शिवाय यंत्राला डोळा लावायला डोकं मावलं पाहिजे. नवखे ही शेवटची अट विसरतात आणि कपारीतला सुंदर टोकदार दगड निवडून बसतात. दुसरा माणूस अंतर, होकायंत्राचा कोन आणि चढ-उताराचा कोन वाचतो. तिसरा आकडे लिहितो आणि स्केच काढतो. त्याने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचा, मगच पुढे सरकायचं. प्रत्येक स्टेशनपासून डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि जमीन ही चार अंतरंही हवीत.

तुकडी स्केच काढणाऱ्याच्या वेगाने चालते, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मान्य करा. स्केच तिथेच, मापात (१:२०० किंवा १:५००) पुरं करायचं. तंबूत बसून आठवून काढलेल्या भिंती खोट्या असतात. आत न गेलेल्या प्रत्येक फाट्यावर प्रश्नचिन्ह टाका. दुसऱ्या दिवशीच्या कामाची यादी तीच. त्याच टेकड्यांतली क्रेम लियाट प्राह ही गुहा आज ३० किलोमीटरहून लांब नोंदली गेली आहे, ती असे फाटे चिकाटीने तपासून आणि शेजारच्या गुहा एकमेकींना जोडून. ‘आधी शेवटपर्यंत बघून येऊ, मग मोजू’ म्हणणाऱ्यांना आमचा ठाम विरोध आहे. मोजत मोजतच पुढे जा.

डिस्टोएक्ससारखं, अंतर आणि दोन्ही कोन एकदम मोजणारं लेसर यंत्र असेल तर प्रत्येक लेग (एका स्टेशनपासून पुढच्यापर्यंतचं माप) तीनदा मारा, तिन्ही वाचनं जुळली तरच घ्या. निघण्यापूर्वी ५६ वाचनांचं कॅलिब्रेशन (यंत्राची अचूकता जुळवणं) उघड्या जागेवर, गाड्या आणि इमारतींपासून लांब करा. बॅटरी बदलली की पुन्हा करा. दिवे प्रत्येकी तीन. हा कोरड्या दिवसांचा हंगाम असला तरी नदीच्या गुहेत शिरण्याआधी वर कुठे पाऊस झालाय का, हे गावकऱ्यांना विचाराच.

प्रश्न : टेप, होकायंत्र आणि क्लिनो (चढ-उताराचा कोन मोजणारं यंत्र) वापरून आम्ही २१ लेगचा, २१२ मीटरचा लूप मोजला. पहिल्या स्टेशनला परत आलो तेव्हा आडवा फरक अर्धा मीटर, पण उंचीत आम्ही ३.८ मीटर वर निघालो. सॉफ्टवेअरने चूक सगळ्या लेगमध्ये वाटून दिली. चालेल का? (नाशिक)

नाही चालणार. १० मीटरच्या लेगवर एका अंशाची चूक म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर. अशा किरकोळ चुका काही वर, काही खाली जातात, म्हणून २१ लेगनंतर पाऊण-एक मीटर फरक समजू शकतो. तुमचा आडवा फरक त्यात बसतो. ३.८ मीटर मात्र एकाच मोठ्या चुकीचं लक्षण आहे. ती वाटून टाकली की चांगले वीस लेगही बिघडतात आणि चूक सापडायची वाट बंद होते.

आता शोध घेऊ. उंचीच बिघडली, म्हणजे संशय क्लिनोवर. सुंटो कंपनीच्या क्लिनोत अंश आणि टक्के अशा दोन पट्ट्या शेजारी असतात. ३० अंशांच्या जागी टक्क्यांचे ५८ लिहिले जातात. पण १० मीटरच्या लेगवर तसं झालं असतं तर आडवं अंतरही तीनेक मीटरने चुकलं असतं. ते शाबूत आहे, म्हणून चिन्ह बघा. उतार असताना अधिक लिहिलं तर आडवं अंतर तेच राहतं आणि उंचीची चूक दुप्पट होते. १० मीटर लांबीच्या लेगवर ११ अंशांचं चिन्ह उलटं पडलं, तर फरक बरोबर ३.८ मीटर येतो.

तेव्हा वहीत +११ च्या आसपासचे, दहाएक मीटरचे लेग शोधा. लेग २० मीटरचा असेल तर साडेपाच अंश. सापडलेला लेग उभ्या छेदाच्या स्केचशी ताडून बघा: तिथे वाट खाली जाताना काढली असेल तर चोर सापडला. स्केच काहीच सांगत नसेल तर तो एक लेग जाऊन पुन्हा मोजा. मूळ आकडा खोडू नका, शेजारी दुरुस्ती आणि तारीख लिहा.

उलट, आडवा फरक मोठा असता तर आधी होकायंत्राजवळचं लोखंड तपासायला सांगितलं असतं: हेल्मेटचा दिवा, स्टीलचा कॅराबिनर.

प्रश्न : सह्याद्रीत सराव कुठे करावा? (सातारा)

बेसाल्ट चुनखडकासारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे लांब नैसर्गिक गुहा आपल्याकडे विरळा. लेण्यांत खुणा करू नका, वटवाघळं असलेल्या जागा तर टाळाच. क्लिनोसाठी सोसायटीचा जिना उत्तम: एका जिन्याने वर, दुसऱ्याने खाली, लूप तयार. होकायंत्र तिथे सळयांमुळे भरकटतं, म्हणून त्याचा सराव रात्री, डोक्यावरच्या दिव्यात, झाडं-दगड असलेल्या मोकळ्या माळावर करा. पहिला लूप १० लेगचा पुरे, आणि वही हाताळणारा प्रत्येक फेरीला बदला.