मेकॅनिकल कीबोर्डला फ्लेक्स किती असावा? रोज टाइप करणाऱ्यांना काय आवडतं?

थोडाच. फ्लेक्स म्हणजे बटणं दाबताना आतली प्लेट, म्हणजे स्विच बसवलेला पत्रा, किती वाकते ते. अंगठ्याने मधोमध जोर देऊन दाबलं तर जेमतेम हललेलं दिसावं, टाइप करताना मात्र कळू नये. तुम्ही विचारलंय की पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची प्लेट आणि फ्लेक्स कट (सर्किट बोर्डाला वाकता यावं म्हणून पाडलेल्या चिरा) असलेला घेऊ की साधा ॲल्युमिनियम प्लेटचा, आणि वर लिहिलंय की मऊ कीबोर्डवर बोटं दुखत नाहीत असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण? दिवसभर टाइप करून पोट भरणाऱ्यांना कोणी विचारलंय का?

मी कुडाळला दस्त टाइप करते, खरेदीखत, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र वगैरे. गणपतीत आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते कारण सातबाऱ्यावरचे निम्मे वारस मुंबईला, ते सगळे एकदम गावात सापडतात ते तेव्हाच, आणि परतीच्या गाडीआधी प्रत्येकाला मसुदा हातात पाहिजे असतो. अशाच एका गणपतीत भावोजी पुण्याहून नवा कीबोर्ड घेऊन आले. गॅस्केट माउंट, म्हणजे प्लेट मऊ पट्ट्यांवर टेकवलेली, पॉलिकार्बोनेट प्लेट, आत फोम. वहिनी, त्या पत्र्यावर बडवून बोटांची हाडं झिजतील तुमची, आता हा वापरा, असं घरभर पाहुणे बसलेले असताना म्हणाले आणि मला न विचारता माझा काढून तो लावून पण टाकला.

समोर वाटणीपत्र होतं. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या सरकारी कीबोर्ड मांडणीवर टाइप करते, त्यात खातेदार, भोगवटादार, फेरफार, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षरच शिफ्टवर. आणि त्या कीबोर्डचे गॅस्केट सगळे कडेला, त्यामुळे मधली बटणं पुळणीत पाय रुतावा तशी खाली जायची आणि कडेचं शिफ्ट मात्र टणक. करंगळीला एक लागतंय, बाकी बोटांना दुसरंच, हात लयीत येईचना. वारसांची नावं एक वेळ चालतील पण सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आले की मी दर ओळीला मान वर करून स्क्रीन तपासत होते, कारण नोंदणी झाल्यावर एक आकडा चुकीचा निघाला तर चूकदुरुस्तीपत्रासाठी त्या सगळ्या वारसांना परत सह्यांना गोळा करावं लागतं. दुपारी तो काढला, माझा लावला, आणि दस्त पुरा केला. भावोजी म्हणाले तुम्हाला सवय नाही. सवयीचा प्रश्नच नाही हो.

चेरी एमएक्स रेडसारखा स्विच, म्हणजे बटणाखालचा खटका, उदाहरणाला घ्या, साधारण ४५ ग्रॅम जोराला, ४ मिमी प्रवासातल्या २ मिमीलाच अक्षर उमटतं. एवढ्याशा जोराने प्लेट वाकते कुठे? प्लेट वाकायला लागते ती बटण तळाला आपटल्यावर. म्हणजे फ्लेक्स कामाला येतो तो आपटणाऱ्याच्या. हाडं झिजायची भीती असेल तर आपटणं कमी करायचं. आयबीएमचा १९८५ चा मॉडेल एम, आत पोलादी पत्रा, फ्लेक्स नावाला नाही, आणि टायपिंगवाले आजही तो शोधून शोधून घेतात. मला विचाराल तर फ्लेक्स किती यापेक्षा तो सगळीकडे सारखा आहे का हे आधी बघा. मधलं G चं बटण आणि कडेचं शिफ्ट दाबून बघा, फरक जाणवला तर सोडून द्या.

आता हे पण सांगायला हवं, जुन्या मशीनवर शिकून हात जड झाला असेल आणि तो काही केल्या हलका होत नसेल तर एफआरफोरची, म्हणजे फायबरग्लासची प्लेट बघा, ती पॉलिकार्बोनेटइतकी मऊ नाही आणि ॲल्युमिनियमइतकी कडक पण नाही. फ्लेक्स कट मी तरी घेणार नाही, पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, सतत वाकत राहिली की स्विचच्या सॉकेटच्या सोल्डरवर ताण येतो. आणि तुम्ही वेंगुर्ल्याचे म्हणताय म्हणून, स्टीलची प्लेट नको, खाऱ्या हवेत कुठे रंग उडाला की तिथून गंज धरते. मनगट दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर, प्लेट नंतर.

भावोजींचं निम्मं काम माउसवर चालतं, त्यांना मऊ आवडतो तर त्यांनी खुशाल वापरावा. पण पानंच्या पानं टाइप करणाऱ्याच्या हाताखालचा कीबोर्ड न विचारता बदलायचा नाही, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि येत्या गणपतीत परत विषय निघाला तर परत सांगणार.