कंस गाळू नकोस

तू रसायनांची सूत्रं पाठ करत बसतोस, असं दांडिया बाजारात भेटल्यावर तुझी आई म्हणाली. नको रे बाळा. आधी वीस-पंचवीस मूलकं (प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट) आणि त्यांच्या संयुजा (त्या प्रभाराचा आकडा) पक्क्या कर. सूत्रं त्यांतूनच निघतात.

आपल्या बडोद्यात बनणारं खतच घे, अमोनियम सल्फेट. अमोनियमवर एक धनप्रभार, सल्फेटवर दोन ऋणप्रभार. म्हणजे एका सल्फेटला दोन अमोनियम हवेत. तेव्हा अमोनियमचा 'एनएच४' हा अख्खा गट कंसात घाल, कंसाबाहेर खाली २ लिही, मग सल्फेटचा 'एसओ४'. कंस गाळलास तर ४ आणि २ शेजारी येऊन चक्क ४२ हायड्रोजन होतात! नववीत मी हेच केलं होतं, अजून आठवतं.

लोखंडापाशी मात्र थांब. त्याची मूलकं दोन: फेरसची संयुजा २, फेरिकची ३, त्यामुळे नुसतं 'आयर्न क्लोराइड' म्हणणं अपुरं. आणि 'कॅल्शियम डायक्लोराइड' लिहू नकोस. कॅल्शियमची संयुजा २ ठरलेलीच आहे. डाय (दोन), ट्राय (तीन) अधातूंच्या जोड्यांना लावायचं, जसं कार्बन डायऑक्साइड.

नायट्राइट-नायट्रेट उद्या संध्याकाळी वही घेऊन ये, समोर बसून करू.