कोल्हापूर जिल्ह्यातले सरकारी दवाखाने पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घ्यायला तयार आहेत का? (एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, प्रोजेक्टसाठी माहिती हवी आहे)

मी जिल्ह्यातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे, औषधाच्या खिडकीतनं जे दिसतं ते सांगतो. माणसं तयार आहेत, कामाची पद्धत तयार नाही.

कॉम्प्युटर आणि नेट बऱ्यापैकी आलंय. गगनबावडा, शाहूवाडीकडं पावसाळ्यात लाइट जाते, रेंज जाते, ते आहेच. पण खरी अडचण म्हणजे आमच्याकडं पोर्टल कमी नाहीत, जास्त आहेत. लसीकरणाला यू-विन, गरोदर मातांना आरसीएच, टीबीला निक्षय, बीपी-शुगरला एनसीडी पोर्टल, औषधाच्या साठ्याला ई-औषधी, आणि एवढं करून रजिस्टरं काही बंद झालेली नाहीत, म्हणजे सिस्टर दिवसभर फिल्डवर रजिस्टरात लिहिणार आणि संध्याकाळी तेच परत मोबाईलवर भरत बसणार. तिच्या हातात अजून एक सिस्टीम दिली तर ती कशी नीट भरणार सांगा. नवीन काही चालू करताना आधी एक तरी रजिस्टर बंद करा, एवढीच माझी मागणी आहे.

आभा नंबरचंही बघा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्यात प्रत्येकाला आभा म्हणजे आरोग्य खात्याचा १४ आकडी नंबर मिळतो, पेशंटच्या परवानगीनं त्याचं रेकॉर्ड दुसऱ्या दवाखान्याला बघता येतं, कल्पना चांगलीच आहे. पण ओपीडीला म्हातारी आजी येते, आधारला मोबाईल नंबर पोराचा, पोरगा इचलकरंजीत मागावर शिफ्टला, ओटीपी तिकडं जातो, मागं रांग वाढत असते आणि शेवटी केसपेपर हातानंच निघतो.

तरी मला हे रेकॉर्ड मनापासून पाहिजे, आणि सगळ्यात जास्त ऊसतोडीच्या बायकांसाठी पाहिजे. कारखाने सुरू झाले की बीडकडनं टोळ्या येतात, त्यात सातवा-आठवा महिना लागलेली बाई असते, माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडं राहिलेलं, हिमोग्लोबिन किती होतं, आधीचं सिझर आहे का, टीडीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन झालंय का, काही सांगता येत नाही. पोर्टलवरचा आरसीएच नंबर कुणाला पाठ असतोय? मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, आणि फड संपला की टोळी पुढं जाते, आम्ही काय केलं ते तिकडच्या डॉक्टरला कळत नाही. २०१९ च्या पुरात शिरोळ, करवीरकडं घरात पाणी शिरलं तेव्हाही हेच, चिठ्ठ्या भिजून गेल्या आणि बीपीचे पेशंट नुसतं "ती बारकी पांढरी गोळी द्या" म्हणायचे, त्यावरनं काय औषध देणार!

माझ्या मते सुरुवात बीपी-शुगरच्या पेशंटपासून करावी, कारण ते दर महिन्याला येतात, एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी फक्त रीडिंग आणि गोळ्या टाकायच्या. डॉक्टरच्या टेबलावर पहिल्याच दिवशी टायपिंग लादू नका, गर्दीत एका पेशंटला धड दोन मिनिटं मिळत नाहीत. नोंदणीची खिडकी आणि औषधाची खिडकी आधी जोडा, आणि केसपेपर काढायला एक माणूस वेगळा द्या.

प्रोजेक्टसाठी केंद्रात जाणार असाल तर ओपीडीच्या वेळेतच जा. कॉम्प्युटर किती आहेत एवढंच विचारून परत येऊ नका, एका गरोदर बाईचं नाव दिवसभरात किती ठिकाणी लिहिलं जातं ते सिस्टरजवळ बसून मोजा.