सप्लायर तपासायला जाताना

परचेसमध्ये नवीनच आलीयेस म्हणून सांगते. सप्लायरने भरून दिलेल्या फॉर्मवर जाऊ नकोस. 'आमच्याकडे वेठबिगार नाही' यावर सही करायला कोणाचं काय जातं? रबाळे-महापेतला त्याचा कारखाना बहुधा ठीकच असतो. घोळ खालच्या ठेकेदारांकडे: भिवंडीचं गोदाम, पॅकिंगवाले, वीटभट्टी.

पगार बँकेत जातो म्हणाले तरी निर्धास्त होऊ नकोस. एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असू शकतं. सुपरवायझर जवळ नसताना कामगाराला विचार: कार्ड, आधार कुणाकडे? गावाहून निघताना उचल किती घेतली, फिटली किती? आकडा त्यालाच माहीत नसेल तर तिथेच खोलात शिर. उचल फेडण्यापायी माणसाला कामावर अडकवून ठेवणं हीच वेठबिगारी, आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दच ठरतं. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीलाही सक्तीची मजुरी म्हटलं.

आपला रेटही बघ. किमान वेतन निघणार नाही अशा भावात माल मागायचा नि वर सही घ्यायची, हे मला तरी पटत नाही.

काही सापडलं तर तडकाफडकी ऑर्डर तोडू नकोस, माणसं रातोरात हलवतात. आधी साहेबांना सांगून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दे. बोललेल्या कामगाराचं नाव मात्र ठेकेदारापर्यंत जाऊ देऊ नकोस.